गावची मंडळी बंद होतेय: वर्गणी छपराला द्यायची की रविवारच्या रिक्षाला?

नेवासेकर_भांडुप (धागाकर्ता)

सगळ्यांना सलाम.

नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावी मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, चार घरं उरलीत. त्यात पाच म्हाताऱ्या, दोन म्हातारे, एक सून आणि तिची दोन पोरं. वळवाच्या पावसात चर्चचे मागच्या बाजूचे पत्रे उडाले आणि तेव्हापासून आमच्या मुंबईच्या ग्रुपवर धुमश्चक्री चालू आहे. ग्रुप म्हणजे भांडुप, घाटकोपर, कल्याण, उल्हासनगर. गावची माणसं गावापेक्षा इकडेच जास्त. ठराव आला की पत्रे काढून स्लॅब टाकू, खाली फरशी बसवू, बाहेर देणगीदारांच्या नावांची पाटी लावू.

मी गावी चुलतीला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "टाका की स्लॅब. पण त्याच्याखाली बसणार कोण? त्यापरीस आम्हाला दर रविवारी मोठ्या गावच्या उपासनेला न्यायला रिक्षा लावून द्या. माझ्यानं फाट्यापर्यंत चालवत नाही आता." हे ग्रुपवर टाकलं आणि सगळे गप्प झाले. सकाळचं बायबलचं वचन तेवढं न चुकता येतं.

माझं मत चुलतीसारखंच आहे. पण आधी थोडी पार्श्वभूमी, कारण इथे सगळेच आमच्याकडचे नाहीत.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक (अमेरिकेतले प्रोटेस्टंट मिशनरी) १८१३ साली मुंबईत आले, १८३१ मध्ये नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं, जिभेला अजून वळण नाही) त्यांचं ठाणं झालं, आणि तिथून ते खेड्यापाड्यांत शिरले. आमच्या भागात वडाळा मिशन (हे नेवाशाकडचं वडाळा, मुंबईतलं नव्हे). मंडळीत आलेली बहुतेक घरं महारवाड्यातली, काही मांगवाड्यातली. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, पुढे १८९६ आणि १८९९ चे, या काळात आणखी घरं आली. "दुष्काळात धान्यासाठी बाटले" असं आजही कुणीतरी ऐकवतंच. धान्य मिळालं हे खरं. पण आमच्या पणज्याला त्याच्याबरोबर पाटी-पेन्सिलही मिळाली, आणि टिकली ती पाटी.

खेड्यात तेव्हा पाळक (चर्चचा धर्मगुरू) नसायचा, मास्तर असायचा. आठवडाभर शाळा आणि रविवारी त्याच खोलीत भक्ती. मास्तर गावातच राहायचा, त्याची बायको बायांना वाचायला शिकवायची, कुणी आजारी पडलं की रात्री प्रार्थनेला हाच. पुढे आमच्या गावची शाळा जिल्हा परिषदेची झाली, मास्तर सरकारी झाला आणि तालुक्याहून मोटारसायकलवर यायला लागला. माझ्या मते मंडळी बंद पडायला सुरुवात तिथे झाली. पत्रे आत्ता उडाले.

मग ७२ चा दुष्काळ. त्यानंतर मुळा धरणाचं पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले. पण ऊस लावायला जमीन लागते आणि ती आमच्या घरांकडे नव्हतीच. आमच्याकडे मिशनच्या शाळेतलं शिक्षण होतं. मुली नर्सिंगला गेल्या, मुलं रेल्वेत, गिरणीत, शाळांत. शिकलेलं माणूस गावात राहून करणार काय? ज्या गोष्टीनं मंडळी उभी केली तिनंच ती रिकामी केली आणि त्यात दुःख करण्यासारखं फार काही नाही. मी स्वतः भांडुपच्या वन बीएचकेत बसून हे लिहितोय.

पण आठवण येते ती कापणीच्या सणाची. पीक निघालं की प्रत्येक घर आपापलं पहिलं काहीतरी आणायचं: बाजरीची कणसं, भुईमूग, दुधी भोपळा, एखादी कोंबडी, अंडी. ज्यांच्याकडे शेत नाही त्या बाया मुठीचं धान्य आणायच्या. रोज भाकरीचं पीठ दळायला काढताना एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकायची, ते सगळं त्या दिवशी. उपासना झाली की बाहेर लिंबाखाली लिलाव. एका भोपळ्याची बोली चढत चढत अशी जायची की त्या पैशात बाजारातून पोतंभर भोपळे आले असते. घेणारा तो भोपळा परत अर्पण करायचा, पुन्हा बोली. दोन भाऊ एकमेकांवर चढाओढ करायचे आणि त्यांच्या बायका घरी गेल्यावर दोघांनाही धारेवर धरायच्या. पाळकाचा पगार, चर्चचा चुना, नाताळची बत्ती, सगळं यातून.

आता नाताळात मुंबईहून गाड्या येतात, अंगण भरतं, मटण शिजतं, फोटो निघतात. सव्वीस तारखेला संध्याकाळी पुन्हा दहा माणसं. आणि स्लॅबचा ठराव त्या पंचवीस तारखेच्या गर्दीला डोळ्यासमोर ठेवून झालाय, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. ज्यांना वर्षाचे बावन्न रविवार तिथे काढायचे आहेत त्यांना विचारलंच नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या गावी असं झालंय का? काय केलंत?

---

देवगड_दादर

मी हिंदू, कोकणातला, त्यामुळे अधिकार नाही. पण वाचून हसू आवरेना. आमच्या वाडीचं मुंबई मंडळ आहे. लालबागच्या एका खोलीत मीटिंगा होतात आणि गावच्या देवळाला ग्रॅनाइट बसतं. पूजेला माणूस मिळत नाही. गुरवाचा मुलगा विरारला असतो. गेल्या शिमग्याला पालखी उचलायला खांदे कमी पडले, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, पालखीला चाकं लावता येतील का बघू.

तुमच्या काकू हुशार आहेत. रिक्षा लावा.

---

घंटा_वाजली

धागाकर्त्यांशी सपशेल असहमत. इमारत गेली की तिथे आपण कधी होतो याचा पुरावाच जातो. आमच्या शेजारच्या गावची प्रार्थनेची खोली अशीच 'तात्पुरती' बंद ठेवली. पहिल्या वर्षी कुणीतरी कडबा ठेवला. दुसऱ्या वर्षी ट्रॅक्टर. आता तिथे गोठा आहे आणि विचारायला गेलं तर "ही तर आमची पहिल्यापासूनची जागा". रिक्षात बसून गेलेली माणसं परत येत नाहीत. आज चार घरं आहेत, उद्या एखादं पोरगं नोकरी सोडून गावी आलं तर त्यानं भक्ती कुठे करायची?

स्लॅब नको म्हणता, ठीक. निदान पत्रे तरी बसवा.

---

निवृत्त_पाळक

दोघांचंही ऐकलं. मी आयुष्यभर ग्रामीण मंडळ्यांत सेवा केली, म्हणून आतली रचना सांगतो.

१९७० साली नागपूरला उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली तेव्हा सहा वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ एकत्र आले. कागदावर सगळे एक झालो. खेड्यातला माणूस मात्र अजून "आम्ही अमेरिकन मिशनचे, ते एसपीजीचे" (एसपीजी म्हणजे इंग्लंडची मिशन संस्था) असंच म्हणतो, आणि म्हणून दीड-दोन कोसांच्या अंतरावर दोन छोटी चर्चं अर्धी रिकामी उभी दिसतात. शेजारच्या गावी जा म्हटलं की मनात पहिला अडथळा हाच असतो. धागाकर्त्यांच्या चुलतीबाई तो ओलांडायला तयार आहेत, याचं मला खरोखर कौतुक वाटलं.

पैशाचं असं, की प्रत्येक मंडळीनं धर्मप्रांताला असेसमेंट (ठरवून दिलेली वर्गणी) भरायची आणि त्या सामाईक निधीतून पाळकांचे पगार. चार घरांची मंडळी असेसमेंट भरू शकत नाही. मग पाच-सहा-सात गावं मिळून एक पाळक. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) द्यायला दीक्षित पाळकच लागतो, म्हणून ते महिन्यातून एकदा, पावसाळ्यात तेही चुकतं. बाकीचे रविवार गावातलाच कुणी वडीलधारा शास्त्रपाठ वाचतो, पेटी असली तर दोन गीतं होतात. तो वडीलधारा गेला की संपलं. बंद करण्याचा ठराव सहसा कुणी करतच नाही. एका वार्षिक सभेत त्या गावाचा प्रतिनिधी येत नाही, पुढच्या वर्षी त्याचं नाव पुकारतही नाहीत.

म्हणून माझी सूचना: तुमच्या गावी शेवटची उपासना ठरवून, जाहीर करून घ्या. पाळकांना बोलवा, प्रभुभोजन होऊ द्या, मुंबईकरांना या म्हणावं. विरून जाण्यापेक्षा ते बरं. आणि घंटा_वाजली, तुमच्या मंडळीत मी उपदेश केलेला आहे बहुतेक. त्या खोलीत कडबा ठेवणारा आपल्याच चर्चच्या पंच कमिटीतला होता.

---

घंटा_वाजली

पाळकसाहेब, सलाम. हो, आपलाच होता. तेच तर दुःख.

---

कायद्याचं_बोला

जमिनीबद्दल आधी स्पष्टता आणा, भावना नंतर. सातबारा काढा आणि नाव बघा. अशा जागा सहसा स्थानिक मंडळीच्या नावावर नसतात, मिशनकडून आलेल्या ट्रस्टच्या नावावर असतात. ट्रस्ट नोंदणीकृत असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ३६ लागू होतं. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय स्थावर मालमत्ता विकता, बदलता किंवा बक्षीस देता येत नाही. भाडेपट्टाही शेतजमिनीसाठी दहा वर्षांवर आणि बिगरशेती जमीन वा इमारतीसाठी तीन वर्षांवर देता येत नाही. त्यामुळे "गावातल्या चौघांनी सह्या करून अंगणवाडीला देऊन टाकू" असा बेत असेल तर तो तिथेच थांबवा, पुढे तुमच्याच म्हाताऱ्यांना तारखांना जावं लागेल.

रिक्षाला मात्र कुणाचीच परवानगी लागत नाही.

---

मरोळची_पोर

मी ईस्ट इंडियन (मुंबईचे मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती), कॅथलिक, अंधेरीची. तुम्ही सगळे गाव-गाव करताय म्हणून आमचं सांगते, कारण आमचं गाव तर मुंबईच्या पोटात गेलंय.

अंधेरीच्या सीप्झच्या (निर्यातीच्या कारखान्यांची वसाहत) कुंपणाच्या आत एक पडकं चर्च आहे, बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचं. जेझुइटांनी १५७९ मध्ये कोंडिवटे गावात बांधलेलं. तेव्हा हे साष्टी बेटावरचं खेडं, भातशेती आणि ताडाची झाडं. १८४० मध्ये साथ आली, माणसं पटापट मेली आणि उरलेल्या गावानं ठरवलं की उठायचं. ते मरोळला आले. येताना रिकाम्या हातानं आले नाहीत. वेदी, बाप्तिस्म्याचं कुंड, संतांच्या मूर्ती, सगळं उचलून आणलं आणि नव्या चर्चमध्ये बसवलं. भिंती तेवढ्या मागे राहिल्या. पुढे ती जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, १९७३ मध्ये सीप्झ झालं, आणि आज तिथे जायला गेटवर परवानगी लागते. वर्षातून एकदा आमचे लोक आत जाऊन मिस्सा करतात. आजूबाजूला दागिन्यांचे आणि सॉफ्टवेअरचे कारखाने आणि मध्ये छप्पर नसलेलं देऊळ, लुगडं नेसलेल्या बाया, ब्रास बँड. सिक्युरिटीवाले बघत बसतात.

लोक त्या पडक्या भिंतींचे फोटो काढतात, भुताच्या गोष्टी रचतात. पण मंडळी मेलीच नाही ना! ती मरोळला आहे, रविवारी उभं राहायला जागा मिळत नाही. जे न्यायचं ते त्यांनी नेलं म्हणून. नेवासेकर दादा, तुमच्या चर्चमधलं काय काय उचलून नेणार आहात ते आधी ठरवा.

---

नेवासेकर_भांडुप

मरोळताई, हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं बसमधून सीप्झवरून जातोय. ग्रुपवर टाकतो.

उचलण्यासारखं काय आहे: घंटा (लहान आहे, एका माणसाला उचलते), प्रभुभोजनाचा पितळी पेला, हार्मोनियम जिच्या तीन पट्ट्या दाबल्यावर वर येत नाहीत, ना. वा. टिळकांची भजनं हातानं उतरवून घेतलेल्या वह्या, टाळ, एक सतरंजी जी कुणीही मागणार नाही. आणि रजिस्टरं. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू.

भजनांबद्दल जाता जाता. आमच्याकडे ना. वा. टिळक म्हणजे पाठ्यपुस्तकातले कवी नव्हेतच. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, मग बरीच वर्षं ते नगरकडे राहिले, आणि त्यांनी अभंगाच्या चालीवर जे लिहिलं ते आमच्या निरक्षर आज्यांना तोंडपाठ होतं. मोठ्या गावच्या चर्चमध्ये आता कीबोर्ड आणि हिंदी कोरस. चुलतीची एकमेव तक्रार ही आहे. "तिथं टाळ वाजवू देतील का विचार," म्हणाली.

---

वसईकर_आगाशी

आमच्याकडे उलटं आहे हो. वसईत चर्च भरलेलं असतं, मिस्सा मराठीत, गर्दीमुळे एकामागून एक लावाव्या लागतात. त्यामुळे तुमचं दुखणं आम्हाला पटकन कळत नाही. फरक एकच दिसतो: आमच्याकडे माणसाला वाडी होती. केळी, पान, भाजी. लोकलनं मुंबईला नोकरी करून रात्री घरी यायची सोय होती. नेवाश्याहून ती सोय नाही. श्रद्धेपेक्षा चर्चगेट लोकलनं आम्हाला वाचवलं असं म्हटलं तर आमचे फादर रागावतील, पण म्हणतो.

आता जमिनीच विकल्या जातायत, तेव्हा पुढच्या पन्नास वर्षांचं आमचंही खरं नाही.

---

वंशावळ_वेडा

रजिस्टरं स्कॅन करून ऑनलाइन टाका! मी स्वतः मदत करीन. अमेरिकन बोर्डाचे (अमेरिकन मराठी मिशनची मूळ संस्था) मिशनऱ्यांचे अहवाल, पत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत, पण त्यात साहेबांच्या नजरेतून दिसणारं गाव आहे. खेड्यातल्या माणसाचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, साक्षीदार हे फक्त त्या गावच्या वहीत. शोधता येईल अशी यादी बनवू, सगळ्यांना आपली पणजी सापडेल.

---

सम्यक_चेंबूर

थांबा. ऑनलाइन अजिबात टाकू नका.

मी बौद्ध. माझे आजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहायचे. चुलतभाऊ ख्रिस्ती झालेले, आजोबांनी ५६ नंतर धम्म घेतला. दिवाळी कुणाचीच नाही, पण पुरणपोळी दोन्ही घरी. ही झाली गोड बाजू. दुसरी बाजू अशी: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जाती फक्त हिंदूंमध्ये. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आजही बाहेर. २०२२ मध्ये केंद्रानं न्या. बालकृष्णन आयोग नेमला तो याच प्रश्नासाठी. त्यामुळे कितीतरी घरांत कागदावर एक आणि रविवारी एक असं चालत आलंय. त्यांना दोष देणाऱ्यानं आधी पोराची फी भरून बघावी.

तुमच्या त्या रजिस्टरात कुणाच्या तरी आजोबांचं नाव आहे. उद्या ते शोधता येईल असं इंटरनेटवर टाकलंत आणि कुणी खोडसाळानं जात पडताळणी समितीकडे नेलं, तर नोकरी तुमची जाणार नाही, त्या पोराची जाईल.

---

वंशावळ_वेडा

हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. सूचना मागे.

---

निवृत्त_पाळक

सम्यक यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. विवाहाची नोंदवही तर १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे ठेवलेली असते, ती कुणा सभासदाच्या घरी जाता कामा नये. सगळ्या वह्या पावती घेऊन मोठ्या गावच्या पाळकांच्या ताब्यात द्या. लोखंडी कपाट नसेल तर ते घेऊन द्या, स्लॅबपेक्षा स्वस्त पडेल. फोटोंची प्रत एका डिस्कवर, ती पाळकांच्या कपाटात. कुणाला स्वतःच्या घराची नोंद हवी असेल त्यानं अर्ज करावा.

---

घंटा_वाजली

मी अजून म्हणतो, पत्रे बसवा. पण समजा नाहीच बसवले, तर जागेला तारेचं कुंपण आणि ट्रस्टच्या नावाची पाटी तरी. त्याचा खर्च मी आणि माझा भाऊ करतो. गोठा होऊ देणार नाही.

---

नेवासेकर_भांडुप

गावी जाऊन आलो. अंगणात चारही घरं बसवली आणि ग्रुपवरच्या मंडळींना फोनवर स्पीकरवर घेतलं, म्हणजे मागाहून "आम्हाला विचारलं नाही" नको. बोलणी तासभर चालली, त्यातला अर्धा वेळ कोण ऐकू येत नाही यात गेला.

ठरलं ते असं. स्लॅब रद्द. जमलेल्या वर्गणीतून रविवारची रिक्षा, रिक्षावाला गावातलाच आहे, मुसलमान आहे, आणि त्यानं भाडं आपण सांगितलं त्याहून कमी लावलं, वर म्हणाला पावसात जास्त घेईन. शेवटची उपासना कापणीच्या सणाला धरून, लिलावासकट. घंटा मोठ्या गावच्या चर्चला जाते. त्यांच्याकडे आधीच एक आहे, पण त्यांच्या पंचांनी ठेवून घ्यायचं कबूल केलं. टाळांना त्यांच्या पाळकांनी होकार दिलाय, महिन्यातल्या एका रविवारी दोन भजनं, कीबोर्ड बंद ठेवून. चुलतीला दर रविवारी हवं होतं. ती स्वतः पाळकांशी बोलणार आहे, म्हणजे बिचाऱ्या पाळकांचं काही खरं नाही.

कुंपणाचं घंटा_वाजली यांनी करावं, गावचा नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. सातबारा काढला, नाव ट्रस्टचंच निघालं, त्यामुळे ट्रस्टला लेखी कळवलं आहे. उत्तर येईल तेव्हा येईल.

वह्यांचे फोटो काढायला तिघे हवेत. साधा मोबाइल चालेल, फ्लॅश नको, जुन्या पानांची शाई फिकट आहे म्हणून दारात उजेडाला बसून काढायचे. पान उलटताना कोपऱ्याला थुंकी लावायची नाही, हे मुद्दाम सांगतोय. फोटो मोबाइलवर ठेवायचे नाहीत, ग्रुपवर टाकायचे नाहीत, तिथेच डिस्कवर उतरवून पाळकांसमोर खोडायचे. शनिवारी रात्री घाटकोपरहून गाडी निघेल. येणाऱ्यांनी इथे नाव न लिहिता मला निरोप करावा. वंशावळ_वेडा, तुम्हाला यायचं असेल तर या, तुमचा कॅमेरा चांगला आहे असं दिसतंय.